बोडीपल्याडचा चेंडू

त्याने मारलेला एक चेंडू आमच्या गावात दरवर्षी आणखी लांब जाऊन पडतो.

खेळाच्या सरांनी शाळेत बेसबॉल आणला तेव्हा गाव हसलं होतं. मग एका शेतकऱ्याचा मुलगा तो खेळू लागला आणि लोक कामं टाकून मैदानावर येऊ लागले. गोंदियाच्या संघाशी सामना होता त्या दिवशी, शाळेतल्या शिक्षकांत माझं अक्षर बरं म्हणून, गुणांची वही माझ्याकडे होती. सावली पाहून मी मैदानाच्या टोकाला, बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर बसलो होतो. त्या मुलाच्या बॅटचा टण्ण आवाज झाला. चेंडू माझ्या डोक्यावरून तळ्यावर गेला. सगळं गाव त्याला खांद्यावर घ्यायला धावलं; चेंडूकडे पाहायला मी एकटाच उरलो. तो पाण्यात पडला, पल्याडच्या पाळीच्या अलीकडे. मी तसं वहीत लिहिलं.

पुढच्या पावसाळ्यात धानाची रोवणी चालू असताना बांधीत त्याच्यावर वीज पडली आणि तो गेला.

तेव्हापासून त्या सामन्याच्या दिवशी देवरी, आमगाव, गोंदियाहून त्याचे चाहते येतात आणि चेंडू पडला म्हणतात तिथे बांबू रोवतात. पहिल्या वर्षी तो पल्याडच्या पाळीवर होता, दुसऱ्या वर्षी धानाच्या बांधीत, गेल्या वर्षी थेट डांबरी रस्त्याच्या कडेला. मी गप्प राहिलो. त्यांचा आनंद मोडवत नव्हता.

यंदाही बोडीच्या पाळीवर भांडण रंगलं होतं.

"रस्त्यावर नाही बे, रेल्वे फाटकाच्या पल्याड पडला होता!"

"अरे यार, छत्तीसगढ में गिरा था बॉल!" गोंदियाचा एक जण म्हणाला, आणि हशा उसळला.

तेवढ्यात त्या मुलाचे वडील आले. मुलाचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता. गोंदियाशी सामना झाला त्या दिवशीही ते खळ्यावर धान चुरत होते. ते सरळ माझ्यापाशी आले.

"सर, वही तुमच्यापाशी होती म्हणते. मले खरी जागा पायजे. त्याचा खेळ नाही पाहिला मी. तेवढी जागा तरी दाखवा ना जी."

हसणं थांबलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"पाण्यात," मी म्हणालो. "म्हशी धुवायच्या त्या दगडाच्या सरळ रेषेत. पल्याड पोचला नाही."

"काऊन जी सर, इतकी वर्षं कायले गप होते?" कोणीतरी चिडून विचारलं.

वडिलांनी मात्र धोतर खोचलं, बांबू उचलला आणि ते थेट पाण्यात शिरले. गुडघे, मग कंबर. मग एकदम कल्ला उठला.

"काका, डावीकडं!"

"अजून पुढं, अजून!"

"सर, सांगा ना जी, कुठं?"

वर्गातही कधी आवाज न चढवणारा मी पाळीवर उभा राहून ओरडत होतो, "पुढं! आणखी पुढं! बस, तिथंच!"

छातीभर पाण्यात त्यांनी बांबू चिखलात दाबला. दोन्ही हातांनी तो धरून ते मागे वळले. मैदानाच्या त्या टोकाला, जिथे मुलगा बॅट घेऊन उभा राहायचा, तिथपर्यंत त्यांनी नजर नेली आणि मग परत बांबूवर आणली.

"इतका लांब?" त्यांनी विचारलं. "एवढा लांब मारला होता त्यानं?"

"हो!" मी ओरडलो, आणि माझ्यामागून सगळी पाळ ओरडली.