थाटीपुरात एक पांढरी, एक लाल

"येताना दोन बाटल्या आणशील? एक लाल वाईन, एक पांढरी. महाग नको," मावशीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी नाशिकला बॅग भरत होते. त्या घरात सरबतापलीकडे काही प्यायलेलं मी पाहिलं नव्हतं. रेल्वेतून वाईन नेता येत नाही, म्हणून म्हटलं, "तिकडेच बघू."

सकाळी गाडी ग्वाल्हेरला पोचली. धूसर उजेडात किल्ल्याची लांबलचक कड दिसत होती. मावशीसोबत पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ आले होते. "हे माथुरसाहेब, आमच्याच थाटीपूर कॉलनीतले," ती म्हणाली. मी नको नको म्हणत असतानाच त्यांनी माझी बॅग उचलली.

वाटेत आम्ही बेडई (डाळीचं सारण भरलेली जाड पुरी) खायला थांबलो. माथुरसाहेब चहा आणायला गेले, तसं मावशी खालच्या आवाजात म्हणाली, "आम्ही दोघं लग्न करतोय. उद्या अनिकेत येईल, तेव्हा त्याला सांगेन."

अनिकेत तिचा एकुलता मुलगा, दिल्लीत नोकरीला. काकांना जाऊन काही वर्षं झाली होती.

"आणि वाईन कशाला?"

"त्याच्याशी मी आयुष्यभर पोळ्या लाटता लाटताच बोलली गं. या वेळी समोर बसून बोलायचंय. बरोबरीनं."

दुपारी आम्ही लष्कर भागातल्या दारूच्या दुकानात गेलो. जाळीपाशी पुरुषांची दाटी होती. मावशीची सुती साडी पाहून तिला आपोआप वाट मिळाली.

"माताजी, दवाई के लिए चाहिए? ब्रँडी दूँ?" दुकानदारानं विचारलं.

"नहीं भैया, दावत के लिए," मावशी ठणकावून म्हणाली. मागे कुणीतरी हसलं, पण मावशी जागची हलली नाही.

दुकानदारानं आधी एक परदेशी, भारी बाटली पुढे केली. मी नको म्हटलं. इथली शरदातली हवा मला सकाळपासून जाणवत होती: दुपारी उन्हाचा चटका, दिवे लागले की शाल. दुपारसाठी पांढरी हवी होती, हलकी, गोड नसलेली. आमच्या नाशिककडची शेनिन ब्लाँ मिळाली, पण ती काचेतल्या उन्हात उभी होती. उन्हात तापलेली वाईन बेचव होते, म्हणून मी आतल्या खोक्यातली आणि त्यातही ताज्या सालाची मागितली. रात्रीच्या मटणासाठी साधी लाल शिराझ घेतली. पांढरीला फिरकीचं झाकण होतं. लालला बूच आहे, हे मात्र माझ्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनिकेत आला. माथुरसाहेब आधीच येऊन टेबलाशी बसले होते. मावशीनं जेवणाआधी थंडगार पांढरी वाईन चौघांना ओतली आणि स्वतः खुर्ची ओढून बसली. अनिकेतनं हसून ग्लास उचलला. "आई, तू और वाईन? काय विशेष?"

तिनं एका दमात सांगून टाकलं.

त्यानं ग्लास खाली ठेवला. "बाबांची खुर्ची आहे ती," तो माथुरसाहेबांकडे न बघता म्हणाला. "और मुझे किसी ने पूछा भी नहीं." तो उठून गच्चीवर निघून गेला.

एरवी मावशी ताट घेऊन त्याच्या मागे धावली असती. आज ती बसून राहिली. माथुरसाहेब उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले.

संध्याकाळी मटण शिजलं. खोलीत अजून उकाडा होता, म्हणून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली लाल बाटली मी बाहेर काढली, आणि बूच पाहून कपाळावर हात मारला. घरात बूच काढायचं काहीच नव्हतं. माथुरसाहेबांनी स्क्रू आणि पक्कड आणली. बूच अर्धं तुटलं, उरलेलं आत पडलं आणि वाईनचा फवारा थेट त्यांच्या मिशांवर उडाला.

मावशी खदखदून हसली. तो आवाज ऐकून अनिकेत जिन्यात येऊन थांबला. आईकडे बराच वेळ बघत राहिला. मग स्वयंपाकघरात जाऊन चहाची गाळणी घेऊन आला.

"असे बुचाचे तुकडे पिणार का सगळे?" तो म्हणाला. स्टीलच्या पेल्यांवर गाळणी धरून त्यानं वाईन गाळायला घेतली. पहिला पेला माथुरसाहेबांपुढे ठेवला. "लीजिए, अंकल."

मटणाच्या तिखटासोबत ती शिराझ छान जुळली. पेला अर्धा झाल्यावर अनिकेतनं विचारलं, "आई, तुला रात्री एकटीला भीती वाटायची का?"

"वाटायची रे."

"कधी बोलली नाहीस."

"तू जेवून निघून जायचास. मी भांडी आवरायची."

त्यानं तिचा पेला पुन्हा भरला. मग म्हणाला, "तारीख ठरली की सांग. छुट्टी टाकावी लागेल."

परतीच्या गाडीत मी त्या दोन बाटल्यांचा विचार करत होते. महागडी वाईन असती, तर आम्ही तिचंच कौतुक करत बसलो असतो. या साध्या होत्या, चवीला चांगल्या होत्या आणि संपल्या तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. मावशी त्या रात्री सगळ्यांसोबत जेवली, आणि भांडी अनिकेतनं घासली.