उजवा कौल

सत्यवान सरांनी मालवणच्या कॉलेजात उभी हयात राज्यशास्त्र शिकवलं, आणि त्यातही अमेरिकेचं संविधान म्हणजे त्यांचा जीव की प्राण. जेफरसनने पत्रात लिहिलेली धर्म आणि राज्य यांच्यामधली भिंत ते फळ्यावर खडूने काढून दाखवत. मग १९४७चा निकाल. भिंत उंच आणि अभेद्य हवी, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं, आणि त्याच निकालात चर्चच्या शाळेत जाणाऱ्या पोरांचं बसभाडं सरकारी पैशातून द्यायला मोकळीकही दिली. "भिंतीला सुरुंग लागत नाही रे, बसभाडं पुरतं," असं सर म्हणत, आणि पोरं हसत.

एवढा शहाणा माणूस! निवृत्त होऊन धामापूरजवळच्या आपल्या गावी सरपंच झाले, तेव्हा पाण्याच्या टाकीच्या जागेवरून दोन वाड्या हातघाईवर आल्या होत्या. देवळाचे मानकरी गंगाराम म्हणाले, देवाक कौल लावूया. म्हणजे पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार. होकार आला, तोही सरांच्या मनातल्याच जागेला. टाकीच तर आहे, म्हणत सरांनी ग्रामसभेत तेच मंजूर करून टाकलं. इथेच त्यांनी माती खाल्ली.

यंदा अंगणवाडीत मदतनीस म्हणून शर्मिलाची रीतसर नेमणूक झाली. तिचा नवरा ट्रॉलरवरून पडून समुद्रात गेलेला, पदरात मुलगी, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. पंधरवड्यात काही पोरं तापाने फणफणली. पावसाळ्यात ताप यायचाच. पण तिच्या हातचं खाल्ल्याने आला, अशी कुजबुज सुरू झाली. कोणी भांडलं नाही. पोरं तेवढी एकेक करून यायची थांबली, आणि तिला पाहून बायका दारं ओढून घेऊ लागल्या. सरांना या गप्प दारांची भीती वाटली.

एके दिवशी गंगाराम त्यांच्या ओटीवर आले.

"सर, ह्या बायचा देवाक विचारूया. उजवो नाय इलो तर आमी पोरां धाडूचव नाय."

"गंगाराम, ही सरकारी नेमणूक आहे. यात देवाचं काय काम?"

गंगाराम चिडले असते तर बरं झालं असतं. "टाकीक देव चललो तुमका," ते सावकाश म्हणाले. "आता कित्याक नको?"



सोमवारी गाव देवळात जमला. शर्मिला खांबाला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक. गुरवाने पाकळ्या लावून गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी सुटली.

"उजवो!" देवळात एकच कल्ला झाला. सरांचा जीव भांड्यात पडला. शर्मिला रडत देवाच्या आणि मग गंगारामांच्या पाया पडली.

"उठ गो," गंगाराम मायेने म्हणाले. "पण ह्यो कौल ह्या वर्सापुरतो. फुडल्या वर्साक परत विचारूचो लागतलो."

सर पुढे सरसावले. "अगं, तुझी नोकरी कायद्याने तुझी आहे. कोणाला विचारायची..."

शर्मिलाने घाईघाईने हात जोडले.

"सर, पाया पडतंय तुमच्या, मधी बोलू नकात. देव रागावतलो."