गोळीवाले मामा

पहिल्या भेटीत माणसं नाव सांगतात, गाव सांगतात, आणि आमच्या मराठवाड्यात तर पाव्हण्यारावळ्यांतला एखादा दुवाही काढतात. मामा आपला आजार सांगायचे. एखाद्या आजाऱ्याच्या घरी दारात चपला काढता काढता, आवाज जराही खाली न आणता म्हणायचे, "जय भीम. मलाबी कानात आवाज येत होते. घरदार सोडून फिरत होतो. आता गोळीवर हाय, बरा हाय." शेजारी ऐकतील म्हणून घाईघाईनं खिडकी लावून घेणारी त्या घरातली आई त्यांच्याकडे बघतच राहायची. हे असं मोठ्यानं बोलता येतं, हेच तिला नवीन असायचं.

गोळीवाले मामा हे नाव बजाजनगरच्या पोरांनी पाडलं. मानसिक आजाऱ्यांच्या घरभेटी करताना दुपारी मी आणि मामा कुणाच्या तरी ओट्यावर डबा खायचो. जेवण झालं की मामा चारचौघांसमोर तळहातावर गोळी घ्यायचे आणि तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळायचे. एकदा एका पोरीनं विचारलं, "मामा, कशाची गोळी?"

"डोक्याची."

"दुखतंय?"

"दुखत नाय गं. भरकटतं."

मामा वाळूजच्या एका कंपनीत वेल्डर होते. तिशीत असताना त्यांच्या खात्यातला फोरमन वारला आणि काही महिन्यांनी त्याचा आवाज मामांच्या कानात बोलू लागला. एका दिवशी ते शिफ्ट अर्ध्यावर सोडून चालत निघाले ते घरी आलेच नाहीत. शोभामामींनी कडेवर लहान लेक घेऊन गावोगाव त्यांना शोधलं. ते सापडले तेव्हा अंगावर एकच कपडा होता आणि बायकोला त्यांनी ओळखलं नव्हतं. "तुमच्या मामीनं हाक मारायची सोडली नाय, म्हणून मी माघारी आलो," एवढंच ते त्याबद्दल सांगत. बरे झाल्यावर काही वर्षांनी ते आमच्या संस्थेत आले. आमच्याकडे एक पद होतं, सोबती. जो स्वतः या आजारातून गेला आहे, त्यानं दुसऱ्या आजाऱ्याच्या घरी जायचं. औषधं डॉक्टरांची, समुपदेशन माझं आणि बसणं मामांचं, अशी आमची वाटणी होती.

बसणं मामांना फार चांगलं जमायचं. बजाजनगरात कमलबाई म्हणून होत्या. त्यांचा मुलगा संजय कंपनीतली नोकरी सुटल्यापासून खोलीचं दार लावून आत राहत होता. पंख्यातून आपल्यावर पाळत ठेवतात, असं त्याला वाटे. दर मंगळवारी मामा त्या बंद दाराशी बसत आणि कमलबाईंबरोबर मेथी निवडत गप्पा मारत. भाव काय, पाणी कधी आलं, असलंच बोलणं. मी चुळबुळ करू लागले की म्हणत, "मॅडम, घाई आपल्याला असती. आजाराला नसती."

असे कितीतरी मंगळवार गेले. मग एकदा आतून आवाज आला, "तुम्हाला कोणाचा आवाज येतो?"

कमलबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. मामांनी मात्र मेथी निवडणं थांबवलं नाही. "माझ्या मेलेल्या फोरमनचा."

"काय म्हणतो?"

"शिफ्टला उशीर झाला म्हणायचा. मी म्हणायचो, साहेब, तुम्ही गेलात, माझी नोकरी गेली, आता तरी हजेरी सोडा."

नंतर कडी वाजली. दार बोटभर उघडलं, आणि त्या फटीतून संजय मामांकडे बघत राहिला.

पुढं तो औषध घेऊ लागला. ओट्यावर येऊ लागला, मग गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. त्यापुढं मात्र नाही. गर्दी दिसली की त्याला दरदरून घाम फुटे आणि तो माघारी वळे. मामांनी त्याला कधी ओढलं नाही.

एवढा मोकळा माणूस, पण एकदा त्यांनाही तोंड मिटून बसावं लागलं. त्यांची लेक अश्विनी एका लॅबमध्ये कामाला होती. तिला गारखेड्याचं चांगलं स्थळ आलं. मामींच्या भावानं मामांना बजावलं, "दाजी, लग्न होईस्तोवर त्या गोळीचं नाव काढू नका." मामा कबूल झाले. बघण्याच्या कार्यक्रमात मुलाचे वडील सहज बोलून गेले, "आधी एक मुलगी बघितली होती. घराण्यात येडा निघाला. बरं झालं, वेळेत कळलं." मामांनी खाली मान घालून चहा संपवला. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले, पण कुणाच्या दारी जायला उठेनात. मला म्हणाले, "कोणत्या तोंडानं सांगू मॅडम, लपवू नका म्हणून?"

शेवटी अश्विनीनंच त्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं. दोन दिवसांत नकार आला. मामींच्या भावानं बोलणं टाकलं. मामांचं जेवण तुटलं, झोप गेली. फोरमन परत बोलायला लागला, तसे ते आपल्या पायांनी दवाखान्यात गेले आणि वॉर्डात भरती झाले.

मी भेटायला गेले तेव्हा अश्विनी त्यांच्या पायथ्याशी बसली होती. मामा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "माझ्यामुळं तुझं मोडलं."

"बाबा, मोडलं ते बरंच झालं," ती म्हणाली. "तुम्हाला जन्मभर लपवून त्या घरात मी कशी नांदले असते? तुम्ही आला असता तर मला आधी दार बघावं लागलं असतं, कोण ऐकतंय का म्हणून." ती रडली नाही. रडले ते मामा. बऱ्याच वेळानं ते वळले आणि त्यांनी तिच्या हातून वरणभाताचे चार घास खाल्ले.

त्यानंतर ते पुन्हा कामावर आले. थोडे थकलेले, थोडे कमी बोलणारे. अश्विनीनं पुढं लॅबमधल्याच एका मुलाशी लग्न केलं. त्याला सगळं ठाऊक होतं. त्या दिवशी मामा नवा सदरा घालून मांडवात सगळ्यांना हात धरधरून जेवायला बसवत होते.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी ते जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अंत्यविधी होता. त्याआधी मी बजाजनगरला गेले, कारण संजयला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं मला वाटत होतं. कमलबाईंना आधीच कळलं होतं; त्यांनी दारातच माझे हात धरले. "मामांचं त्याला नका सांगू हो. परत दार लावून घेईल."

पण तो मागंच उभा होता. "मामांना काय झालं?"

मी सांगितलं.

"त्रास झाला का त्यांना?"

"नाही. झोपेतच गेले."

तो खोलीत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. कमलबाईंनी पदर तोंडाला लावला. आम्ही दोघी बंद दाराबाहेर उभ्या राहिलो. हाक मारायचं धाडस मला होईना. आतून पेटी ओढल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

दार उघडलं तेव्हा संजयनं पांढरा शर्ट घातला होता. पेटीतल्या घड्या तशाच होत्या आणि पोटावरची गुंडी लागत नव्हती. कपाळावर घाम होता.

"माणसं लई असतील ना तिथं?"

"असतील."

"चला," तो म्हणाला.

रिक्षात तो सगळा वेळ दांडी घट्ट धरून, डोळे मिटून बसला होता. स्मशानभूमीच्या फाटकाशी उतरलो. आत मामांची माणसं दाटीनं उभी होती. कितीतरी घरांतले आजारी, त्यांच्या आया, भाऊ. ती गर्दी बघून संजयचे पाय थांबले. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. थोड्या वेळानं त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि तो स्वतःच आत गेला.