भिवाच्या घशातला उन्हाळा

भिवा पाष्टे बसल्या जागी झोपायचा, उभ्या जागी झोपायचा आणि फारच गप्पा रंगल्या तर स्वतःच्याच वाक्याच्या मध्यावर झोपायचा. उरलेलं वाक्य आपण ओळखायचं.

दुबईत रास अल खोरला मोहिद्दीनशेठच्या गॅरेजात तो टायरवाला होता आणि अजमानला आमच्या खोलीत खिडकीखालची खाट त्याची होती. खाट त्याची, पण खोली त्याच्या घोरण्याची. आम्ही बाकीचे नुसते पोटभाडेकरू. घोरणं चढत चढत जायचं, डिझेलचा ट्रक घाट चढतो तसं, आणि ऐन माथ्यावर इंजिन बंद. मग अशी लांबलचक शांतता पसरायची की इलेक्ट्रिशियन मुश्ताक पांघरुणातून म्हणायचा, "गेला वाटतं." तेवढ्यात भिवाचा श्वास हिसका देऊन परत यायचा आणि मुश्ताक म्हणायचा, "नाही गेला." त्या "नाही गेला"मध्ये आनंद फारसा नसायचा. त्याने हा सगळा कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घेतला होता. शुक्रवारी पाहुणे आले की बिर्याणीनंतर तो वाजवायचा. भिवा स्वतःही ऐकायला बसायचा आणि पहिल्या मिनिटात झोपून साथ द्यायचा. एवढी करमणूक अजमानात दुसरीकडे नव्हती.

पण टायरच्या बाबतीत भिवा राजा होता. चाकावर नुसती लाथ मारून हवा किती ते सांगायचा. गेज लावून बघावं, तर काटा भिवाच्या आज्ञेत. त्याचं सगळं तत्त्वज्ञान पौंडात होतं. ट्रकला एकशेदहा, मोटारीला बत्तीस, आणि मे महिना लागला की सगळ्यांची थोडी थोडी काढायची. उन्हाळ्यात हवा फुगते, रस्ता तापतो, टायर फुटतो, म्हणून आधीच कमी ठेवायची, हा मोहिद्दीनशेठच्या गॅरेजचा कायदा. टायरवर कंपनीने काही का छापलेलं असेना. "त्यांनी थंडीत बसून छापलंय," शेठ म्हणायचे. "इथे येऊन छाप म्हणावं."

दापोलीचे मोहिद्दीनशेठ मनाने वाईट नव्हते, फक्त त्यांना दिवसातून एकदा कुणाला तरी सोलून काढल्याशिवाय जेवण जात नसे. भिवा त्यासाठी हाताशीच असायचा. तो झोपला की त्याच्या गळ्यात जुनी ट्यूब घालायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, "हा आमचा नवरदेव. नवरी पंक्चर निघाली." गिऱ्हाईक हसायचं. भिवा दचकून उठायचा आणि सगळे हसतायत म्हणून तोही हसायचा. लोकांचा आपल्यावर फार जीव आहे, अशी त्याची समजूत होती.

मग एकदा तो हातात हवेची नळी धरूनच झोपला. समोर एका सुदानी माणसाची मोटार. टायर पावसाळ्यातल्या बेडकासारखा फुगत गेला, सुदानी किंचाळला आणि शेठनी धावत येऊन नळी ओढली.

"तुला पगार देतो तो काय पाळण्याची दोरी ओढायला? ऐक, भिवा. अजून एकदा नळी धरून झोपलास तर खलास. व्हिसा कॅन्सल. गावी जा आणि सगुणेच्या मांडीवर झोप."

भिवाची झोप प्रथमच पूर्ण उडाली. गुहागरजवळच्या त्याच्या गावात दिवसाला एक एसटी यायची आणि तिची हवा डेपोत बघत. उरल्या दोन सायकली. भिवाच्या विद्येला तिथे गिऱ्हाईक नव्हतं. इथे तो टायरवाला होता, तिथे नुसताच सगुणेचा नवरा झाला असता.

तो झोपेच्या दवाखान्यात धावला. तिथल्या डॉक्टर स्मिता लोवलेकरांनी त्याला अंगभर वायरी लावून एका रात्री झोपवलं. झोपवण्यात कष्ट पडले नाहीत. सकाळी त्यांनी समजावलं, आणि फार चांगलं समजावलं.

"पाष्टे, झोपेत तुमचा घसा मिटतो. श्वास अडतो, मेंदू दचकून तुम्हाला जागं करतो. रात्रभर हेच. म्हणून दिवसा झोप. हे मशीन नाकावाटे सतत हवा ढकलेल आणि घसा उघडा धरेल. दार मिटू नये म्हणून आपण वीट लावतो ना, तशी."

"किती पौंड?" भिवाने विचारलं.

"तुमचं प्रेशर अकरा. पण ते पौंड नाहीत. अकरा सेंटिमीटर पाणी उचलेल एवढा जोर. सुरुवातीला चारवर चालू होईल, तुम्हाला झोप लागेपर्यंत हळूहळू अकरावर जाईल."

"पौंडात सांगा ना, मॅडम."

डॉक्टरांनी कागदावर आकडेमोड केली. "पाव पौंडसुद्धा नाही."

भिवाचं तोंड उतरलं. एकशेदहा पौंडांशी रोज कुस्ती खेळणारा माणूस आणि त्याचा घसा पाव पौंडाने उघडतो! सायकलच्या ट्यूबपुढेही तो उभा राहण्याच्या लायकीचा उरला नाही.

"कमी असली तर घसा पुन्हा मिटेल," डॉक्टर म्हणाल्या. "जास्त झाली तर मास्कमधून गळेल, पोटात जाईल, रात्रभर ढेकर द्याल. तुमचा आकडा आम्ही तुम्हाला झोपवून शोधलाय. शेजाऱ्याचा आकडा तुम्हाला चालणार नाही आणि तुमचा शेजाऱ्याला. म्हणून स्वतः हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," भिवा म्हणाला. हवेतलं त्याला कळत नाही असं काही आहे, हे त्याला मुळात पटलेलंच नव्हतं.

मशीन जुनं मिळालं. एका वारलेल्या म्हाताऱ्याचं होतं, दुकानदाराने त्यावर अकरा लावून दिलं. नाकावर मास्क, मास्कला लांब नळी. पहिल्या दिवशी मुश्ताक म्हणाला, "हत्ती आला." तेव्हापासून भिवाचं नाव हत्ती. पण घोरणं थांबलं. खोली इतकी गप्प झाली की आम्हालाच झोप येईना.

आठवड्याभरात भिवा माणसात आला. वाक्यं पूर्ण करू लागला. त्यातली बरीचशी पूर्ण करण्याच्या लायकीची नव्हती, पण तो भाग वेगळा. गॅरेजात शेठनी सवयीने ट्यूब उचलली आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "हा आमचा नवरदेव..." समोर भिवा टक्क जागा उभा होता. त्याने पूर्ण विनोद ऐकला. नवरी कोण, तेही त्याला समजलं. या वेळी तो हसला नाही. जागेपणाचे काही तोटे असतात.

मग जून आला. डांबर चपलेला चिकटू लागलं. भिवा दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांमधली हवा काढत होता आणि संध्याकाळी खोलीवर येऊन मशीनकडे बघत होता.

"मुश्ताक, याचा आकडा खाली कसा आणतात?"

"कशाला?"

"उन्हाळा लागला ना. अकरा थंडीतले होते. आता हवा फुगणार. फुटला म्हणजे?"

"काय फुटेल? घसा?"

"टायर फुटतो, मग घसा काय रिमचा आहे?"

खोलीत हवेतला तज्ज्ञ एकच होता. मुश्ताकने दोन बटणं एकदम दाबून मशीनच्या पोटातला गुप्त आकडा वर आणला आणि भिवाच्या हुकमाने सहावर ठेवला. त्याच रात्री घाट चढणारा ट्रक परत आला. मुश्ताकने आनंदाने नवी कॅसेट आणली.

दोन-तीन दिवसांत भिवा पुन्हा डुलू लागला. त्याचं निदान त्याच्यापाशी तयारच होतं.

"गरमी वाढली रे. अजून काढायला पाहिजे. अजून दोन काढ."

मुश्ताकने काढली. चारच्या खाली मशीन जाईना, नाहीतर भिवाने तीही काढली असती. आता मशीन नुसती नाकावर फुंकर घालत होतं आणि भिवा मास्क लावून पूर्वीपेक्षा जोरात घोरत होता. "हत्तीला आवाज फुटला," मुश्ताक म्हणाला.

पाण्याचा टँकर गॅरेजात आला तेव्हा भिवाच्या हातात नळी होती आणि डोळे मिटलेले होते. टायर फुटला तो आवाज तीन गल्ल्या पलीकडे गेला. भिवा दूर फेकला गेला. नशीब, की कानाचा पडदा सोडून बाकी सगळं जागेवर राहिलं. पडल्यावरही तो काही क्षण झोपलेलाच होता, असं शेठ पुढे प्रत्येकाला सांगत. ते खोटं होतं, पण लोकांना आवडायचं.

तरी शेठ स्वतः त्याला मशीनसकट डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आकडा बघितला.

"चार? कुणी बदललं?"

भिवाने दुखऱ्या कानावर हात ठेवून सगळा सिद्धांत मांडला. उन्हाळा, हवा, फुगणं, फुटणं.

"खोलीत एसी आहे?"

"आहे."

"थंडी वाजते?"

"चादर घेतो, मॅडम."

डॉक्टरांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण त्या माणूसच होत्या. त्या हसल्या तशी नर्स हसली, आणि शेठ तर खुर्चीचा हात धरून हसले. "अरे गाढवा, उन्हाळा टायरला असतो. नाकाला कुठून आला?" भिवाला हा कायदा शिकवला कुणी, हे तिथे कुणी विचारलं नाही. भिवानेही नाही.

अकरा परत लागले. झोप परत पळाली. पण शेठनी व्हिसा कॅन्सल करायला त्याचा पासपोर्ट मागवून घेतला होता.

त्या आठवड्यात भिवा रोज शेठच्या केबिनबाहेर काचेसमोर उभा राहायचा. काम द्यायला बंदी होती, म्हणून नुसता उभा. डोळे जेवढे उघडता येतील तेवढे उघडे. "शेठ, बघा. जागा आहे," असं आत जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर सांगून पाठवायचा. पोरं येता-जाता त्याच्या तोंडापुढे टाळ्या वाजवून तपासत होती. तो कुणावर चिडला नाही. परीक्षा चालू आहे, असंच त्याने धरलं होतं.

आणि शेठ विरघळले होते म्हणतात. एका दुपारी त्यांनी त्याला आत बोलावलं, "बस," म्हणाले, कॅन्सल थांबवायचा फोन करायला हात पुढे केला आणि बिर्याणीच्या गुंगीत तिथेच खुर्चीत डोळा लागला. तोंड उघडं, मान मागे. घाट चढला, माथ्यावर इंजिन बंद, हिसका, पुन्हा घाट.

भिवा समोर बसून लक्ष देऊन ऐकत राहिला. शेठ उठले तेव्हा तो फार काळजीने, अगदी आपल्या माणसाला सांगावं तसं म्हणाला,

"शेठ, तुमचा श्वास बंद पडतो हो मध्ये मध्ये. मॅडमना दाखवा. तुम्हाला पण हत्ती लागणार."

केबिनचं दार उघडं होतं. बाहेर सगळं गॅरेज पोट धरून हसलं.

शेठचा चेहरा टायरच्या रंगाचा झाला. "माझी मस्करी करतोस? खलास. उद्याच्या विमानाने जा."

भिवा दारात उभा राहून सांगत राहिला की मस्करी नव्हती, शेठ, खरंच बंद पडतो. त्याने जितकं समजावलं तितकं बाहेरचं हसू वाढत गेलं.

दुसऱ्या दिवशी तो गेला. खिडकीखालच्या खाटेवर पुढल्याच आठवड्यात केरळचा जमाल आला. तो घोरत नाही. खाट द्यायच्या आधी आम्ही त्याला शुक्रवारच्या जेवणानंतर झोपवून बघितलं होतं.