आईची सही

बंद खोलीत तापलेल्या संगणकाचा धुळकट वास आला की मला आष्टीकडच्या शाळेतली एक दुपार आठवते. पत्र्याखाली चार संगणक होते आणि त्यांच्याभोवती नववीची मुलं दाटीवाटीनं बसली होती. मी त्यांना इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचो. आपल्या गावच्या ग्रामसभेचं इतिवृत्त इंटरनेटवर शोधा, असं काम मी दिलं होतं. एका मुलीला ते सापडलं. तिची आई ग्रामपंचायतीची सदस्य होती. हजेरीत आईचं नाव आणि पुढं सही बघून ती आधी हरखली, मग तारखेवर बोट ठेवून म्हणाली, "सर, तवा आई ऊसतोडीला गेलती. अन् तिला सही येत न्हाई, ती अंगठा देती." इतिवृत्ताखाली सरपंचांची सही होती. सरपंच आमच्या शाळा समितीवर होते. मी म्हणालो, "चूक झाली असेल. पुढचं पान उघड." तिनं उघडलं नाही. "पुढचं कशाला, सर? मला हेच छापून द्या." मी छापून दिलं. हंगाम संपवून आई परतली, तेव्हा मुलीनं तिला ते वाचून दाखवलं. पुढच्या ग्रामसभेत ती बाई पहिल्या रांगेत बसली आणि रजिस्टर समोर येताच म्हणाली, "आधी मागचं वाचा." सगळ्या गावासमोर वाचावं लागलं. सरपंचांची मान खाली होती. मी दाराशी उभा होतो. ही हकिगत मी आता दरवर्षी नववीला सांगतो, आणि त्या मुलीला मी आधी काय म्हणालो होतो, तेही सांगतो.