डाव्या हाताचा अंतरा

झेरॉक्सच्या मशीनमधून नुकत्याच बाहेर आलेल्या कागदाला एक कोमट, किंचित करपट वास असतो. परवा आधार कार्डाची प्रत काढायला चिकलठाण्यात थांबलो, तो वास नाकात शिरला आणि मी दोन पावलं मागंच सरलो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कागदाच्या वासानं परीक्षेची धडकी भरावी, हे काही शोभत नाही. पण गेल्या वर्षी अशाच एका पानानं माझी झोप, भूक आणि घरातली उरलीसुरली पत पणाला लावली होती.

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि अर्धी भिंत अडवून बसलेला तिचा विजेवरचा पियानो मुका झाला. कॉलनीच्या भजनी मंडळात पेटी वाजवण्यात माझं तारुण्य गेलेलं; म्हटलं, आपणच शिकू. बायको म्हणाली, "शिका की. पण पहिल्या परीक्षेत पास झालात तरच हे धूड इथं राहील. नाहीतर बिडकीनला ताईंच्या पोरांना देऊन टाकू." मी तोऱ्यात हो म्हटलं. माझी पन्नाशी अशा तोऱ्यावरच चालली आहे.

शिकवणाऱ्या मॅडम शेजारच्या गल्लीतल्या, निवृत्त शिक्षिका. एका वाक्यात दखनी आणि मराठी दोन्ही नांदवणाऱ्या. परीक्षेत वाजवायची धून त्यांच्या पुस्तकातली; छपाई मुळातच पुसट, त्यात माझी झेरॉक्स. मधल्या ओळीत एकाच उंचीवर शेजारी शेजारी दोन स्वर आणि त्यांच्या डोक्यावर एक बारीक कमान, अर्ध्या वाटेत विरून गेलेली. ती या दोघांनाच जोडत असेल, तर दुसरा स्वर वाजवायचा नाही, पहिलाच दाबून धरायचा. पुढं जात असेल, तर दुसराही वाजवायचा. मॅडमनी चष्मा वर-खाली केला. "भाऊ, छापनेवाले की मेहरबानी! मेरेको भी नाय दिखता. वाजवून बघा, कान सांगेल." मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, दोन्ही वाजवून टाका. एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात! पेटीचा सूर भाता हलतोय तोवर तेवत राहतो. पियानोचा जन्मताच विझू लागतो. ती ओसरत जाणारी शांतता मला सोसवेना, म्हणून मी दुसरा स्वर ठणकावूनच वाजवायचो. शिवाय जरा रंगात आलो, की माझा डावा हात पट्ट्या सोडून सवयीनं हवेतच भाता मारू लागे. मॅडम तोंडाला पदर लावत. "भाऊ, किसको हवा दे रहे?"

शेवटी त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवायला लावला आणि नुसता डावा वाजवायला सांगितला. तेव्हा कळलं, नेमक्या त्या दोन स्वरांखाली डाव्या हाताला एक छोटीशी चाल दिलेली होती. दबकत वर चढणारी, लाजरी, देखणी. माझ्या ठणक्याखाली ती रोज चिरडली जात होती. बुवा नवा अंतरा उचलतात तेव्हा पेटीवाल्यानं सूर धरून मागं सरायचं असतं, हे मी आयुष्यभर करत आलो होतो. मग इथं कोण कुणाला जागा देतंय, हे स्पष्टच होतं. मी म्हणालो, "मॅडम, दुसरा स्वर नाही वाजवायचा."

"पक्का?"

"पक्का."

"गलत निकला तो?"

"तर बिडकीन."

परीक्षेच्या दिवशी बाकावर सगळी चिल्लीपिल्ली. एका वेणीवालीनं विचारलं, "काका, तुमचं कोण आहे आत?" मी म्हणालो, "मीच जाणारे, बाळा." तिनं माझ्याकडं फार करुणेनं पाहिलं.

आत ती ओळ आली. उजव्या बोटानं पट्टी धरून ठेवली, सूर विझू दिला. आणि त्या विझण्याखालून डावा हात चढत गेला, स्वच्छ, न अडखळता. परीक्षकांची पेन्सिल कागदावरच थांबली.

निकालपत्रावर उत्तम गुण आणि एकच शेरा: डाव्या हाताची चाल फार सुरेख उमटली. बायकोनं तो दोनदा वाचला आणि ताबडतोब फोन लावला. "ताई, पोरांना सांगा, पियानो काय आता येत नाय. अहो, लई भारी पास झालेत हे!" मी मुद्दाम पेपरात तोंड घालून बसलो, तिचा आवाज मात्र पार गच्चीपर्यंत गेला असेल.

इतकी वर्षं हा हात दुसऱ्यांच्या गाण्याला हवा पुरवत आला. त्यालाही काही म्हणायचं असेल, असं मला कधी सुचलं नाही, आणि त्यानंही कधी तक्रार केली नाही. दिवस निघून जातात ते खरंच. पण आपल्याच अंगात कुणीतरी इतका काळ गुपचूप, गाणं सांभाळून बसलेलं असतं.