शाल नको, फोटो पाहा

पवनीपासून चौदा किलोमीटरवर हिरडटोला आहे. तिथली चंद्रकांता कापगते सकाळी साडेपाचला पिवळी कायाक तलावात ढकलते आणि ऊन चढेपर्यंत पाखरं मोजते, त्यांचे फोटो काढते. चव्वेचाळीस वर्षांची बाई. तिचे वडील गोमाजी याच तलावाचं तुडूम सांभाळायचे. शेतांना पाणी सोडायचं ते दार उघडायला ते बुडी मारत आणि पोहायला शिकलेली पोरगीही त्यांच्या मागोमाग बुडी मारी. लग्नही गावातल्याच मनिषशी झालं, त्यामुळे तलाव काही सुटला नाही. सहा वर्षांपूर्वी पाणपक्ष्यांची पाहणी करणारी मंडळी आली. त्यांना तलावाची खडान्‌खडा माहिती असलेलं माणूस हवं होतं. जाताना ते दोघांनी बसायची कायाक आणि एक लहान कॅमेरा तिच्याकडेच ठेवून गेले.

आधी गाव हसलं. "धानाचा रोवणा सोडून पाखरं मोजून राहिली," म्हणालं. मग तिचे फोटो मोबाइलवर फिरू लागले आणि बाहेरचे लोक यायला लागले. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष तेजराम यांनीच तिला सांगितलं, "ताई, पाहुण्यांले फिरवत जा. गावाचं नाव होते."

गेल्या श्रावणात भंडाऱ्याहून राजकुमार सर आले. हातभर लांब लेन्स, अंगात हिरवे कपडे, गळ्यात दोन कॅमेरे. त्यांना कमळपक्ष्याचं घरटं हवं होतं. चंद्रकांताला ते ठाऊक होतं. कमळाच्या दाट पानांत, तरंगत्या गवताच्या मूठभर गादीवर चार तपकिरी अंडी होती, भोवऱ्यासारखी. मादी अंडी घालून निघून गेली होती. उन्हात पंख पसरून त्यांच्यावर सावली धरून बसायचा तो नर. चंद्रकांता बारा दिवस त्याला पाहत होती, पण तीस हातांच्या आत कधी गेली नव्हती.

"इथूनच काढा जी," ती म्हणाली.

"ताई, पानं आडवी येतात. थोडंसं पुढं. तुमच्या मेहनतीचं चीज होईल."

'चीज' या एका शब्दाला ती भुलली. तिनं वल्हं दोनदा मारलं. मग आणखी दोनदा.

कायाकमध्ये पुढं बसलेल्या माणसाची पाठच दिसते. राजकुमार सर वाकले, तेव्हा तिला वाटलं, कॅमेरा लावतायत. मग कच्‌ असा आवाज आला. परत कच्‌. कापलेली कमळाची पानं कायाकच्या कडेनं तरंगत मागं आली. तिनं मान बाजूला काढून पाहिलं. त्यांच्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातानं ते घरट्याची ती गादी देठाला धरून उजेडात ओढत होते. नर पाण्यावर पंख मोडल्याचं सोंग करत लोळत होता, ओरडत होता.

"काय करून राहिले तुम्ही?"

"दोन मिनिटं. परत लावून देतो."

चंद्रकांताच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं पायाशी ठेवलेल्या डब्यातून आपला कॅमेरा काढला आणि एकच फोटो घेतला. तोवर ते कात्री टाकून लेन्स डोळ्याला लावून बसले होते. तिनं वल्हं उलटं मारलं. कायाक झटक्यानं मागं सरकली तसे राजकुमार सर पुढं कोलमडले, लेन्स छातीशी धरून कसेबसे सावरले.

"अहो, थांबा! माझा अँगल गेला!"

"अँगल गेला तर गेला. एक शब्द बोलाल तं पाण्यात उतरवून देईन. चालत जाजा."

तिनं कायाक थेट काठाला लावली. घरट्यापाशी तेवढ्यातही त्यांचे फोटो काढून झाले होते, हे तिला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता ती गेली. कापलेल्या जागी उघडं पाणी चमकत होतं आणि वरून घार फिरत होती. गादी रिकामी होती. अंड्याचं एक टरफल पानावर चिकटलेलं. हे नर कधीकधी अंडी दुसऱ्या पानावर हलवतात, म्हणून तिनं दुपारपर्यंत पानन्‌पान धुंडाळलं. काही मिळालं नाही. घरी येऊन तिनं भांडी अशी आपटली की मनिष अंगणातून आत आला.

"काय झालं वो?"

"मी नेलं त्याले तिथं. मीच नेलं!"

ऑक्टोबरात भंडाऱ्यातल्या एका हौशी छायाचित्रकार मंडळानं वन्यजीव सप्ताहात फोटोंची स्पर्धा आणि कार्यक्रम ठेवला. फोन चंद्रकांतालाही आला : पहिलं बक्षीस मिळालेला फोटो तुमच्या तलावातला आहे, 'नाविक' म्हणून तुमचा सत्कार करायचाय. फोटो राजकुमार सरांचा होता, उजेडात ओढलेलं घरटं आणि त्यापुढं पंख पसरलेला नर. नाव होतं 'वात्सल्य'. ती "येतो" म्हणाली. पवनीच्या स्टुडिओत जाऊन तिनं आपला तो एकुलता फोटो मोठा करून घेतला.

सभागृहात तिला शाल द्यायला एक गृहस्थ पुढं आले. तिनं शाल घेतली नाही. माइक घेतला.

"शाल नको जी. हा फोटो पाहा." तिनं तो दोन्ही हातांनी वर धरला आणि राजकुमार सरांकडं मान वळवली. "हा हात यांचा आहे, ही कात्री यांची आहे. यांचा तो बक्षिसाचा फोटो निघाल्यावर दुसऱ्या दिवशी चारही अंडी घारीनं नेली. तुम्ही याले वात्सल्य म्हणता?"

"ताई, हा विषय आपण नंतर घेऊ," सूत्रसंचालक कुजबुजला.

"नंतर कधी? त्या पाखराले नंतर होता काय?"

राजकुमार सर उठले. "बाईंचा गैरसमज झालाय. वाळकी पानं बाजूला केली फक्त."

"वाळकी? श्रावणात?" चंद्रकांतानं विचारलं. मागून कुणीतरी हसलं. पहिल्या रांगेत परीक्षक बसल्या होत्या, साधना मॅडम, प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. त्यांनी हात पुढं केला, "द्या इकडं." चष्मा वर करून त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग तो आपल्याजवळच ठेवून घेतला.

आठ दिवसांनी बक्षीस मागं घेतलं, पण तेही गुपचूप. वर्तमानपत्रात आलेली आधीची बातमी तशीच राहिली. राजकुमार सरांच्या मित्रानं मनिषला फोन करून "बायकोला आवरा" असं सांगितलं. मनिषनं फोनवर जे उत्तर दिलं ते इथं लिहिता येत नाही. तेजराम मात्र कुरकुरले, "आता पाहुणे येनार नाहीत." चंद्रकांता सोसायटीच्या बैठकीत त्यांच्यासमोर उभी राहून भांडली, घसा बसेपर्यंत. आषाढ ते आश्विन कमळात कोणीही नाव घालायची नाही, असं शेवटी ठरलं. बारा हात वर झाले, नऊ झाले नाहीत.

"आता तरी राग गेला काय?" मनिषनं त्या संध्याकाळी विचारलं.

"त्याच्यावरचा अर्धा गेला. माझ्यावरचा नाही गेला. वल्हं माझ्या हाती होतं."

यंदा तलावात कमळपक्ष्यांची तीन घरटी आहेत. परवा नागपूरहून गाडी आली. चंद्रकांतानं त्यांना तलावाच्या बांधावर, पाळीवर, उभं केलं आणि दुर्बीण हातात दिली. "याच्यातून पाहा. पुढं कोणी जात नाही." एक जण नाराज झाला, एवढ्या लांबून आलो म्हणाला. ती कायाक उपडी करून धुवायला लागली आणि म्हणाली, "मग लवकर निघा जी. ऊन होईल."